कोळशाची पोळी

'कोळसा उगाळावा तितका काळाच' अशी मराठीत एक म्हण आहे. ज्याच्या अंगी मुळातच गुण नाही, त्याच्यावर कितीही मेहनत घेतली तरी ती व्यर्थ जाते, असा तिचा आशय. माणसाच्या स्वभावाविषयी ती काय सांगते ते असो. पण खुद्द कोळशावर मात्र तिने थोडा अन्यायच केला आहे. कोळसा काळा राहतो हे खरे. परंतु तो दळला, चाळला, मळला आणि लाटला, तर त्याच्या ओबडधोबड रूपाकडे पाहून ज्यांची कल्पनाही येऊ नये, असे गुण त्याच्यातून प्रकट होतात. आजच्या प्रयोगशाळांत कोळशाच्या भुकटीपासून कागदासारखे पातळ आणि चामड्यासारखे लवचीक पापुद्रे तयार केले जातात. ते वाकवले तरी मोडत नाहीत, गुंडाळले तरी तडकत नाहीत, आणि त्यांच्यामधून विजेचा प्रवाह वाहू शकतो. ठिसूळ भुकटीला हा लवचीकपणा कसा येतो, त्याची हकीकत मोठी मनोरंजक आहे.

कोळशातील मुख्य द्रव्य म्हणजे कार्बन. हिरा हाही कार्बनच, आणि शिसपेन्सिलीतील काळी कांडी ज्या ग्रॅफाइटची केलेली असते, तेही कार्बनच. शिसपेन्सिलीत शिसे मुळीच नसते. ग्रॅफाइट आणि चिकणमाती यांचे मिश्रण भाजून ती कांडी बनवतात. हिऱ्यातून वीज वाहत नाही. ग्रॅफाइटमधून मात्र ती सुखाने वाहते. कार्बनच्या या गुणाचा उपयोग माणूस पुष्कळ वर्षांपासून करीत आला आहे. फ्रान्समधील जॉर्ज लक्लांशे यांनी १८६६ साली जो विद्युत्घट तयार केला, त्यात कार्बनचा एक दांडा होता. विजेरीच्या साध्या मसाल्यात आजही मधोमध तसाच एक काळा दांडा उभा असतो. तो विजेच्या येण्याजाण्याचे दार होय.

ज्या दारातून वीज एखाद्या द्रवात किंवा ओलसर मिश्रणात शिरते, अथवा ज्यातून ती बाहेर पडते, त्या दाराला विद्युदग्र किंवा इलेक्ट्रोड असे म्हणतात. इंग्रज शास्त्रज्ञ मायकेल फॅरडे यांनी १८३४ साली हा शब्द प्रचारात आणला. 'मार्ग' या अर्थाचा एक ग्रीक शब्द त्याच्या पोटात आहे. विद्युदग्र धातूचेही करता येते. परंतु पुष्कळशा धातूंना आम्लात ठेवले की ते झिजतात, आणि ओल लागली की लोखंड गंजते. कार्बनला आम्लाची फारशी भीती नाही आणि तो गंजतही नाही. शिवाय तो स्वस्त आहे व विपुल मिळतो.

इतके गुण असूनही कार्बनमध्ये एक मोठे वैगुण्य आहे. तो ठिसूळ आहे. विजेरीतील दांडा हातांनी वाकवू गेल्यास तो कडकन मोडतो. थॉमस एडिसन यांनी १८७९ साली सुती दोरा जाळून त्याचा कार्बनचा तंतू केला आणि तो आपल्या दिव्यात बसवला. तो तंतू कित्येक तास प्रकाश देत राहिला, पण इतका नाजूक होता, की तो काचेच्या फुग्यात बसवतानाच मोडू नये म्हणून फार जपावे लागे. जो पदार्थ वीज उत्तम वाहून नेतो, तोच वाकायला मात्र तयार नसतो, ही अडचण अशी जुनी आहे.

आता कोणी विचारील, की विद्युदग्राने वाकावे तरी कशाला? दांडा सरळ उभा राहिला तर काय बिघडले? विजेरीपुरते काहीच बिघडत नाही. परंतु काही उपकरणांत विद्युदग्राचा लांबच लांब पट्टा लहानशा डबीत मावण्यासाठी घट्ट गुंडाळून ठेवावा लागतो. काही उपकरणे माणसाच्या मनगटावर किंवा छातीवर बांधायची असतात आणि अंग हलेल तशी त्यांनाही हालचाल करावी लागते. अशा ठिकाणी ताठ आणि ठिसूळ विद्युदग्राचा उपयोग होत नाही. जागोजागी त्याला भेगा पडतात आणि विजेचा मार्ग तुटतो.

अशा उपकरणांपैकी एक म्हणजे सुपरकपॅसिटर. यात वीज साठवून ठेवता येते. बॅटरीत वीज साठते ती रासायनिक क्रियांच्या द्वारे. म्हणून बॅटरी भरायला वेळ लागतो. सुपरकपॅसिटरमध्ये विजेचे कण नुसते विद्युदग्राच्या पृष्ठभागावर येऊन दाटीने उभे राहतात. त्यामुळे तो काही सेकंदांत भरतो आणि तितक्याच झटपट रिकामा होतो. अमेरिकेतील जनरल इलेक्ट्रिक या कंपनीच्या बेकर नावाच्या संशोधकाला १९५७ साली अशा साधनाचे पेटंट मिळाले. त्याने सच्छिद्र कार्बनची विद्युदग्रे वापरली होती. त्या विद्युदग्रांत वीज विलक्षण प्रमाणात मावते हे त्याला दिसत होते. परंतु ती नेमकी का मावते, याचा उलगडा त्याला पुरता झालेला नव्हता. पुढे तो उलगडा झाला. ज्या साधनात वीज पृष्ठभागावर उभी राहते, तेथे पृष्ठभाग जितका मोठा, तितकी वीज अधिक. आणि सच्छिद्र कोळशाइतका मोठा पृष्ठभाग क्वचितच दुसऱ्या कशाचा असेल.

हा पृष्ठभाग किती मोठा असतो? नारळाची करवंटी हवा लागू न देता जाळली की तिचा उत्तम कोळसा होतो. हा कोळसा सुमारे नऊशे अंश सेल्सिअस इतक्या उष्णतेत पाण्याच्या वाफेत ठेवतात. वाफ कोळशाला आतून कुरतडत जाते आणि त्यात असंख्य छिद्रे पडतात. त्यांपैकी बहुतेक छिद्रे इतकी लहान असतात, की माणसाच्या एका केसाच्या जाडीत अशी हजारो छिद्रे शेजारी शेजारी बसतील. अशा कोळशाला सक्रिय कोळसा म्हणतात. त्याच्या एका ग्रॅमात, म्हणजे चिमूटभर भुकटीत, या सगळ्या छिद्रांच्या भिंती मिळून सुमारे दीड हजार चौरस मीटर पृष्ठभाग दडलेला असू शकतो. कबड्डीचे क्रीडांगण तेरा मीटर लांब आणि दहा मीटर रुंद असते. म्हणजे अशी अकरा क्रीडांगणे चिमूटभर कोळशात घडी घालून ठेवलेली असतात असे म्हटले, तरी अतिशयोक्ती होणार नाही!

परंतु हा बहुगुणी कोळसा म्हणजे शेवटी भुकटीच. फुंकर घातली तर उडून जाणारी! तिचे पान कसे करावे? पहिला उपाय सुचतो तो असा, की भुकटीत पाणी घालून चिखल करावा, तो पसरावा आणि वाळवावा. हा उपाय करून पाहिला तर काय होते, ते उन्हाळ्यात आटलेल्या तळ्याकडे पाहिले म्हणजे समजते. पाणी आटू लागले की ते कणांना एकमेकांकडे ओढते. थर आकसतो, आणि आकसताना त्याला भेगा पडतात. तळ्यातील गाळाचे जसे वेडेवाकडे चौकोन होतात, तशीच गत काचेवर पसरलेल्या कोळशाच्या जाड थराची होते. तो उचलू गेल्यास त्याचे तुकडे हातात येतात.

दुसरा उपाय म्हणजे डिंक घालणे. पूर्वी पोथ्या लिहिण्यासाठी लागणारी काळी शाई दिव्याच्या काजळीत डिंक घालून खलून करीत असत. डिंकामुळे काजळी कागदाला धरून राही. शाईला हा उपाय उत्तम लागू पडतो. पण डिंक कोळशाच्या प्रत्येक कणाभोवती लेप देऊन बसतो. त्या लेपाखाली ती मोलाची छिद्रे बुजून जातात, आणि कणाकणांमध्ये डिंकाचा पडदा आल्यामुळे विजेचीही वाट अडते. कण एकत्र आले खरे, पण त्यांचा गुण नाहीसा झाला. तेव्हा प्रश्न असा होता, की कणांना बांधावे तर खरे, पण त्यांचा श्वास कोंडू नये. असा बांधणारा कोठून आणावा?

तो मिळाला एका अनपेक्षित ठिकाणी. ६ एप्रिल १९३८ या दिवशी अमेरिकेतील ड्युपाँ या कंपनीच्या प्रयोगशाळेत रॉय प्लंकेट नावाचा तरुण रसायनशास्त्रज्ञ काम करीत होता. शीतकपाटात वापरता येईल असा नवा वायू तो शोधत होता. त्यासाठी त्याने एका वायूची नळकांडी भरून थंड जागी ठेवली होती. त्या दिवशी एका नळकांड्याची तोटी उघडली, तर वायू बाहेर येईना. नळकांडे गळून रिकामे झाले म्हणावे, तर वजन पहिल्याइतकेच भरले. दुसरा एखादा ते बाजूला फेकून देता. प्लंकेटने ते कापून पाहिले. आत एक पांढरी, मेणासारखी निसरडी भुकटी होती. वायूचे कण आपोआप एकमेकांना जोडले जाऊन हा नवा पदार्थ झाला होता. त्याला आम्ले खात नव्हती, तो कशात विरघळत नव्हता आणि त्याला काही चिकटतही नव्हते. हाच पदार्थ पुढे टेफ्लॉन या नावाने घरोघरी पोहोचला. ज्या तव्याला डोसा चिकटत नाही, त्या तव्याच्या अंगावर त्याचाच लेप असतो.

ज्याला काहीच चिकटत नाही, त्याने कोळशाचे कण चिकटवावेत, ही गोष्ट ऐकताना विपरीत वाटते. परंतु खुबी अशी, की टेफ्लॉन कणांना चिकटवीत नाही, तो त्यांना बांधतो. टेफ्लॉनचे अतिसूक्ष्म कण दाबून घासले, मळले, म्हणजे त्यांच्यातून कोळ्याच्या जाळ्यासारखे अत्यंत बारीक धागे सुटतात. कोळशाचे कण या धाग्यांच्या जाळ्यात अडकून राहतात. धागा कणाला केवळ येथे-तेथे स्पर्श करतो. त्याचे बाकीचे सर्व अंग मोकळे राहते. छिद्रे उघडी राहतात आणि कण एकमेकांना भिडलेलेही राहतात. कोळ्याच्या जाळीतून पाणी निघून जाते, मासे मात्र राहतात, तसाच हा प्रकार आहे.

आता प्रयोगशाळेत हा पापुद्रा प्रत्यक्ष कसा करतात ते पाहू. प्रथम तोलकाट्यावर तीन पदार्थ काळजीपूर्वक तोलून घेतात. एकंदर दहा ग्रॅमचे मिश्रण करावयाचे असल्यास साधारणपणे साडेआठ ग्रॅम सक्रिय कोळसा, एक ग्रॅम शुद्ध काजळी आणि अर्धा ग्रॅम टेफ्लॉन असे प्रमाण घेतात. काजळीचे कण कोळशाच्या कणांहून पुष्कळच लहान असतात. ते मोठ्या कणांमधल्या फटींत बसतात आणि एका कणावरून दुसऱ्या कणावर जाण्यासाठी विजेला जणू पूल बांधून देतात. टेफ्लॉन मिळते ते दुधासारख्या पांढऱ्या द्रावाच्या रूपात. त्याच्या शंभर भागांत साठ भाग टेफ्लॉन व चाळीस भाग पाणी असेल, तर अर्धा ग्रॅम टेफ्लॉन मिळण्यासाठी सुमारे ०.८३ ग्रॅम द्राव घ्यावा लागतो. हा हिशेब विसरून जो अर्धा ग्रॅम द्रावच घालतो, त्याच्या मिश्रणात टेफ्लॉन कमी पडते, आणि दिवसभराच्या श्रमानंतर त्याच्या हाती भुकटीच उरते.

कोळसा आणि काजळी खलात एकजीव करून चंचुपात्रात घालतात आणि त्यात मद्यार्क ओततात. मद्यार्कामुळे भुकटी नीट भिजते. नुसत्या पाण्यात ती पुष्कळदा वर तरंगत राहते. मग मिश्रण ढवळत असताना टेफ्लॉनचे पांढरे दूध थेंब थेंब करून त्यात सोडतात. ते एकदम ओतले तर त्याच्या गुठळ्या होतात. पुढे पात्र मंद आचेवर, पण ज्योतीपासून दूर, तापवीत ठेवतात. कारण मद्यार्काची वाफ चटकन पेट घेते. ढवळता ढवळता मद्यार्क उडून जातो, मिश्रण घट्ट होऊ लागते, आणि एक क्षण असा येतो, की ते पात्राच्या कडा सोडून गोळा होऊ लागते. घरी कणीक भिजवताना परातीला चिकटलेले पीठ जसे हळूहळू सुटून गोळ्यात येते, अगदी तसेच हे दिसते.

यानंतर मळण्याचे काम सुरू होते, आणि सर्व यशापयश या कामावर अवलंबून असते. काळा गोळा काचेच्या जाड पाटावर घेऊन तो दाबतात, पसरतात, त्याची घडी घालतात आणि पुन्हा दाबतात. सुरुवातीला तो भुसभुशीत असतो, कडांना फुटतो, तुकडे तुकडे होतो. नवख्या माणसाला वाटते, की प्रयोग फसला. परंतु मळणे चालू ठेवले, की आत धागे सुटू लागतात. गोळा हळूहळू मऊ आणि लवचीक होतो, ओढला तर थोडा ताणला जातो. तो कोरडा पडू लागल्यास मद्यार्काचे दोन-चार थेंब शिंपडतात. कणीक कमी मळली तर पोळी फाटते, हे स्वयंपाकघरात सर्वांना ठाऊक आहे. येथेही तोच न्याय. मात्र गोळा वाजवीपेक्षा अधिक मळला, तर तो रबरासारखा चिवट होतो आणि लाटता येत नाही. कोठे थांबावे हे यंत्र सांगत नाही, ते अनुभवाने बोटांना कळते.

मग गोळा लाटावयाचा. लहान प्रयोगात काचेच्या किंवा पोलादाच्या गोल दांड्याने तो लाटतात. अधिक पातळ पापुद्रा हवा असेल तर दोन रुळांचे यंत्र वापरतात. रसवंतीच्या चरकात जसा ऊस दोन रुळांमधून जातो, तसा काळा पापुद्रा यात रुळांमधून जातो. रुळांमधील अंतर एकदम कमी करीत नाहीत. दर फेरीला थोडे थोडे करतात. घाई केली की पापुद्र्याच्या कडा चिरतात. दर फेरीनंतर त्याची घडी घालून तो काटकोनात फिरवतात. याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. लाटताना आतील धागे लाटण्याच्या दिशेने ओढले जातात. सतत एकाच दिशेने लाटले, तर सारे धागे एकाच दिशेला लांबतात, आणि मग पापुद्रा त्या दिशेने सहज फाटतो. वर्तमानपत्राचा कागद एका बाजूने सरळ फाटतो आणि दुसऱ्या बाजूने वेडावाकडा फाटतो, तसेच हे. पापुद्रा फिरवीत गेल्याने धाग्यांची उभी-आडवी वीण पडते आणि त्याला सर्व बाजूंनी सारखे बळ येते. पोळी लाटणारे हात ती फिरवीत फिरवीत लाटतात, ते उगीच नव्हे.

शेवटी सुमारे एक ते दोन दशांश मिलीमीटर जाडीचा पापुद्रा तयार होतो. तो सुमारे १२० अंश सेल्सिअस उष्णतेच्या निर्वात भट्टीत रात्रभर ठेवतात, म्हणजे छिद्रांत दडलेले पाणी व मद्यार्क निघून जातात. याहून फार जास्त उष्णता देत नाहीत. कारण अतिशय तापलेले टेफ्लॉन विषारी वायू सोडते. या कामात मद्यार्क, भट्टी आणि नाकातोंडात जाणारी बारीक भुकटी यांच्याशी गाठ असल्यामुळे ते तोंडाला पट्टी बांधून, हवा खेळती असलेल्या प्रयोगशाळेत, जाणत्यांच्या देखरेखीखालीच केले जाते.

पापुद्रा तयार झाला म्हणजे काम संपले, असे शास्त्रज्ञ मानीत नाहीत. तो खरोखर चांगला झाला की नाही, याची परीक्षा घ्यावी लागते. स्क्रू-गेजने त्याची जाडी अनेक ठिकाणी मोजतात. ती सगळीकडे सारखी हवी. त्याचा विजेला होणारा विरोध मोजतात. मग तो जाड नळीभोवती गुंडाळतात, नंतर बारीक नळीभोवती, नंतर पेन्सिलीएवढ्या कांडीभोवती, आणि प्रत्येक वेळी विरोध पुन्हा मोजून वहीत नोंदवतात. डोळ्यांना पापुद्रा अखंड दिसत असेल, पण विरोध एकाएकी वाढला असेल, तर आत कोठेतरी भेग पडली असे समजतात. डोळा फसतो; माप सहसा फसत नाही.

या परीक्षेत एक गोष्ट नेहमी दिसून येते. पापुद्रा नाजूक वाटला, की टेफ्लॉन आणखी घालावे असा मोह होतो. तसे केले तर पापुद्रा खूप बळकट होतो, हवा तसा वाकतो. पण त्याचा विजेचा गुण कमी होतो. कारण टेफ्लॉनमधून वीज वाहत नाही, आणि त्याला पाणी आवडत नसल्यामुळे द्राव छिद्रांत शिरत नाही. उलट टेफ्लॉन फार कमी घातले, तर विजेचा मार्ग खुला राहतो, पण पापुद्राच टिकत नाही. शंभर भागांत पाच भागांच्या आसपास जो सुवर्णमध्य आढळतो, तो एका दिवसात सापडत नाही. त्यासाठी पुन्हा पुन्हा मिश्रणे करावी लागतात, पुष्कळसे पापुद्रे फाटावे लागतात, आणि जे फाटले त्यांचीही नोंद प्रामाणिकपणे ठेवावी लागते. फाटलेला पापुद्राही काही शिकवून जातो. मात्र त्याची नोंद ठेवली असेल तरच.

परीक्षेत उतरलेल्या पापुद्र्याचे दोन तुकडे कापून त्यांच्यामध्ये सच्छिद्र कागद ठेवतात आणि सोडियम सल्फेटसारख्या क्षाराच्या द्रावाने ते भिजवतात. क्षार पाण्यात विरघळला की त्याचे धन आणि ऋण असे विद्युत्भारित कण मोकळे होतात. दोन पापुद्र्यांना विजेचा घट जोडताच धन कण एका पापुद्र्याकडे आणि ऋण कण दुसऱ्याकडे धाव घेतात आणि छिद्रांच्या भिंतींना लागून रांगा करतात. भिंत आणि रांग यांच्यामधील अंतर एका मिलीमीटरच्या दहा लाखाव्या भागाच्या घरात असते. जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांनी १८५३ सालीच अशा दुहेरी थराची कल्पना मांडली होती. घट काढून घेतला तरी रांगा जागच्या जागी राहतात. म्हणजेच वीज साठून राहते. अशा तीन जोड्या एकापुढे एक जोडून भरल्या आणि त्यांना लहानसा लाल दिवा लावला, तर तो उजळतो. करवंटीच्या कोळशातून आलेला हा लाल प्रकाश पाहून प्रयोग करणाऱ्याला सारे श्रम सार्थकी लागल्याचा आनंद होतो.

कारखान्यांत असेच लांबच लांब पापुद्रे ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्यावर बसवून गुंडाळतात आणि डब्यांत बंद करतात. चीनमधील शांघाय शहरात २००६ साली सुपरकपॅसिटरवर चालणाऱ्या बसगाड्या सुरू झाल्या. थांब्यावर प्रवासी चढत-उतरत असतानाच त्या वीज भरून घेत. अर्थात या साधनाला मर्यादाही आहेत. तेवढ्याच वजनाच्या बॅटरीच्या मानाने त्यात फार थोडी वीज मावते, म्हणून त्या गाड्यांना थांब्याथांब्यावर वीज घ्यावी लागे. परंतु बॅटरी काही हजार वेळा भरली की थकते, तर सुपरकपॅसिटर लाखो वेळा भरला आणि रिकामा केला तरी थकत नाही. दोघांचे काम वेगळे आहे आणि दोघांचीही गरज आहे.

कोळशाचे प्रत्येक कण स्वतःपुरते गुणी होते. पण सुटे होते तोवर वाऱ्यावर उडत होते. डिंकाने ते एकत्र आले, तेव्हा त्यांचे गुण लोपले. टेफ्लॉनच्या धाग्यांनी त्यांना असे बांधले, की कोणाचे स्वत्व बुजले नाही आणि सगळ्यांचे मिळून एक बळकट, लवचीक पान झाले. बंधन असावे, पण ते जाच होऊ नये, ही गोष्ट माणसांच्या समाजालाही लागू पडते. आणि कोळसा? तो अजूनही काळाच आहे. पण ज्यांनी त्याला धीराने मळले आणि लाटले, त्यांच्यासाठी तो दिवा लावतो.

शब्दार्थ

वैगुण्य – उणीव, दोष. विपुल – पुष्कळ. सच्छिद्र – छिद्रे असलेले. विपरीत – उलटे, विचित्र. खुबी – विशेष गुण, मर्म. चंचुपात्र – द्रव ओतण्यासाठी चोच असलेले काचेचे भांडे. मद्यार्क – अल्कोहोल. निर्वात – हवा काढून घेतलेले. सुवर्णमध्य – दोन टोकांमधील योग्य मार्ग. स्वत्व – स्वतःचे वेगळेपण.

अभ्यास

१. 'म्हणीने कोळशावर अन्याय केला आहे' असे पाठात का म्हटले आहे?

२. विद्युदग्रासाठी धातूपेक्षा कार्बन कोणत्या बाबतींत चांगला? त्याचे वैगुण्य कोणते?

३. कारणे द्या : (अ) टेफ्लॉनचा द्राव थेंब थेंब सोडतात. (आ) लाटताना पापुद्रा काटकोनात फिरवतात. (इ) मिश्रणात टेफ्लॉन फार घालीत नाहीत.

४. डिंक कणांना चिकटवतो आणि टेफ्लॉन कणांना बांधतो, यांतील फरक आपल्या शब्दांत सांगा.

५. प्लंकेटने नळकांडे फेकून न देता कापून पाहिले. यावरून त्याचा कोणता गुण दिसतो?

६. वीस ग्रॅम मिश्रण करण्यासाठी सक्रिय कोळसा, काजळी आणि टेफ्लॉन किती किती घ्यावे लागेल? टेफ्लॉनच्या द्रावाच्या शंभर भागांत साठ भाग टेफ्लॉन असल्यास द्राव किती घ्यावा लागेल?

७. पुढील वाक्प्रचारांचा वाक्यांत उपयोग करा : श्रम सार्थकी लागणे, धाव घेणे, वाट अडणे, परीक्षेत उतरणे.

८. घरी कणीक मळून पोळी लाटतात ती रीत पाहा आणि ती पाठातील रीतीशी कोठे जुळते व कोठे वेगळी आहे, ते दहा ओळींत लिहा.